वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेनंतरची पूरक जीवनसत्त्वे

अतिस्थूल व्यक्तीच्या जठरावर किंवा जठर व लघ्वांत्र (लहान आतडे) या दोहोंवर शस्त्रक्रिया करून वजन घटविल्यानंतर जी जीवनसत्त्वे व खनिजे अन्नातून पुरेशी मिळू शकत नाहीत, ती औषधरूपाने आयुष्यभर घ्यावी लागतात. त्यांना पूरक जीवनसत्त्वे म्हणतात. लोह, कॅल्शियम, जस्त व तांबे ही वस्तुतः खनिजे होत. परंतु बहुधा ती जीवनसत्त्वांबरोबर एकाच गोळीत येत असल्याने व्यवहारात त्यांचाही समावेश याच नावाखाली केला जातो. ही पूरके शक्तिवर्धक म्हणून घ्यावयाची नसतात. शस्त्रक्रियेमुळे पचनसंस्थेचे जे कार्य कायमचे उणावते त्याची ती भरपाई असते. त्यामुळे त्यांची निवड शस्त्रक्रियेचा प्रकार, रुग्णाचा आहार व रक्ततपासणी या तीन गोष्टींवर अवलंबून राहते. औषधाच्या दुकानात मागितल्यावर हाती पडणारी सर्वसाधारण ‘बहुजीवनसत्त्व’ गोळी या कामी बहुतेक वेळा अपुरी पडते.

पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात या विषयाला विशेष महत्त्व आले आहे. १९५४ साली पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील औषधनिर्मितीचा कारखाना स्थापन झाला. त्यामागोमाग महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात वाहने व यंत्रसामग्रीचे मोठे कारखाने आले. १९७० मध्ये येथे नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणच्या आसमंतात १९९० नंतरच्या काळात मोटार उद्योगाचा विस्तार झाला. शेतावर राबणाऱ्या कुटुंबातील दुसरी-तिसरी पिढी या पट्ट्यात यंत्रासमोर उभी राहून किंवा संगणकासमोर बसून पाळ्यांत काम करते. श्रमाचे स्वरूप बदलले, पण ताटातील भात, पोळी, बटाटा व साखर यांचे प्रमाण त्या मानाने उतरले नाही. लठ्ठपणा व मधुमेह यांची वाढ हा या बदलाचा एक परिणाम होय.

लठ्ठपणा मोजण्यासाठी देहभार निर्देशांक (किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारी संख्या) वापरतात. भारतीयांच्या बाबतीत हा निर्देशांक काहीसा फसवा ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात स्वतःचीच उदाहरणे देऊन हे दाखविले. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात ते २१·२ टक्के होते. अशा निरीक्षणांमुळे आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेची मर्यादा पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये ही मर्यादा ४०, आणि मधुमेहासारखा विकार सोबत असल्यास ३५ अशी ठरविली होती. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत आशियाई व्यक्तींना २७·५ पासून पुढे शस्त्रक्रियेचा पर्याय देण्यास मान्यता आहे. शस्त्रक्रियेस पात्र ठरणाऱ्यांची संख्या त्यामुळे वाढली, आणि त्याबरोबर आयुष्यभर पूरके घ्यावी लागणाऱ्यांचीही.

इतिहास : जठर काढल्याने होणाऱ्या न्यूनतांची (कमतरतांची) ओळख वजनाच्या शस्त्रक्रियेपेक्षा बरीच जुनी आहे. टेओडोर बिलरोट यांनी १८८१ मध्ये व्हिएन्ना येथे कर्करोगासाठी जठराचा भाग यशस्वीपणे काढला. अशा शस्त्रक्रियेनंतर जगलेल्या काही रुग्णांना पुढे काही वर्षांनी विशिष्ट प्रकारचा पांडुरोग (रक्तक्षय) होतो, असे नंतर दिसून आले. ब१२ जीवनसत्त्व १९४८ मध्ये शुद्ध रूपात वेगळे करण्यात आल्यावर या गोष्टीचा पूर्ण उलगडा झाला. पांडुरोगाच्या दुसऱ्या एका प्रकाराच्या संशोधनाचा संबंध मुंबईशी आहे. लूसी विल्स या इंग्रज वैद्यक संशोधिकेने तेथील कापडगिरण्यांशी संबंधित गरीब गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करून तो यीस्टच्या अर्काने बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजेच पुढे फॉलिक अम्ल म्हणून ओळखले गेलेले जीवनसत्त्व होय.

केवळ वजन घटविण्यासाठी आतड्याचा मोठा भाग वगळण्याची शस्त्रक्रिया १९५४ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तीत वजन झपाट्याने उतरे. पण यकृताचा ऱ्हास, मूतखडे व तीव्र न्यूनता यांमुळे ती पुढे सोडून द्यावी लागली. आयोवा विद्यापीठातील एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये केलेल्या जठर-बायपासपासून आजच्या पद्धतींचा आरंभ मानतात. १९९० नंतर दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छेदांतून या शस्त्रक्रिया होऊ लागल्या आणि रुग्णालयातील मुक्काम दोन-तीन दिवसांवर आला. मुक्काम आटोपशीर झाल्यामुळे शस्त्रक्रियाही किरकोळ आहे असा समज पसरला. पूरकांकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे हे एक मोठे कारण आहे.

शोषणातील बदल : अन्न जठरात आल्यावर हायड्रोक्लोरिक अम्ल व पाचक रस यांच्या क्रियेने त्यातील ब१२ जीवनसत्त्व प्रथिनांपासून सुटे होते. जठराच्या अस्तरातील कोशिका एक विशिष्ट प्रथिन स्रवतात. त्याला आंतरिक घटक म्हणतात. या घटकाशी बांधले गेलेले ब१२ लघ्वांत्राच्या शेवटच्या भागात, म्हणजे शेषांत्रात, शोषिले जाते. लोह व कॅल्शियम यांचे शोषण मुख्यत्वे ग्रहणीत (लघ्वांत्राच्या सुरुवातीच्या भागात) होते व त्यासाठी अम्लाचे साहाय्य लागते. थायामीन (ब१) रिक्तांत्रात, म्हणजे लघ्वांत्राच्या मधल्या भागात, शोषिले जाते. अ, ड, ई व के ही मेदविद्राव्य जीवनसत्त्वे शोषिली जाण्यासाठी अन्नातील मेद, पित्त व अग्निपिंडाचा रस यांचे नीट मिश्रण व्हावे लागते.

आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सु. तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतडे जसेच्या तसे राहते. पण अम्ल व आंतरिक घटक स्रवणारा बराच भाग नाहीसा होतो. जठर-बायपासमध्ये जठराचा सु. ३० मिलि. मावेल एवढाच कप्पा ठेवून तो थेट रिक्तांत्राला जोडतात, त्यामुळे अन्न ग्रहणीतून जातच नाही. भारतात बऱ्याच प्रमाणात केल्या जाणाऱ्या एकाच जोडाच्या बायपासमध्ये बहुधा १५० ते २०० सेंमी. आतडे वगळले जाते. वगळलेली लांबी जितकी अधिक, तितकी मेदविद्राव्य जीवनसत्त्वे व प्रथिने कमी पडण्याची भीती अधिक. आतड्याचा फारच थोडा भाग शोषणासाठी शिल्लक ठेवणाऱ्या शस्त्रक्रियांत ही भीती सर्वांत मोठी असते. ‘माझे वजनाचे ऑपरेशन झाले आहे’ एवढ्या माहितीवर गोळी सुचविणे यासाठीच धोक्याचे ठरते.

ब१ जीवनसत्त्व : पूरकांत सर्वांत तातडीचे म्हणजे थायामीन. शरीरातील याचा साठा केवळ २५ ते ३० मिग्रॅ. असतो व तो दोन-तीन आठवड्यांत संपू शकतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत रुग्णाला वारंवार उलट्या होत असतील, तर गोळी टिकत नाही, अन्नही टिकत नाही. मग डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, एकाचे दोन दिसणे, चालताना तोल जाणे व भ्रम होणे ही लक्षणे उद्‍भवतात. कार्ल व्हेर्निके यांनी १८८१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. वेळीच उपचार न झाल्यास स्मरणशक्ती कायमची जाते, प्रसंगी मृत्यूही ओढवतो.

या संदर्भात एका स्थानिक रिवाजाची दखल घेणे आवश्यक आहे. उलट्या व अशक्तपणा यांसाठी जवळच्या दवाखान्यात जाऊन ‘सलाईन लावून घेणे’ ही कामगार वस्त्यांतील रूढ पद्धत आहे. त्या बाटलीत पुष्कळदा ग्लुकोज असते. ग्लुकोजच्या ज्वलनासाठी थायामीन खर्च होते. ते आधीच संपत आलेले असताना केवळ ग्लुकोज दिल्यास व्हेर्निके विकार काही तासांतच उफाळू शकतो. म्हणून अशा रुग्णाला शिरेतून थायामीन आधी, वा निदान ग्लुकोजबरोबर, दिले पाहिजे. शस्त्रक्रियेची माहिती दवाखान्यातील डॉक्टरांना प्रथमच सांगणे हे रुग्णाच्या नातेवाइकांचे काम होय. रोजच्या पूरकात थायामीन किमान १२ मिग्रॅ. असावे, ५० मिग्रॅ. असणे अधिक चांगले. नियमित मद्यपानाने त्याची न्यूनता वाढते, आणि बायपासनंतर मद्य रक्तात अधिक वेगाने भिनते हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

ब१२ जीवनसत्त्व व फॉलिक अम्ल : थायामीनच्या उलट ब१२ चा साठा (२ ते ५ मिग्रॅ.) काही वर्षे पुरतो. न्यूनता हळूहळू व नकळत येते, तोवर रुग्णाने पाठपुरावा सोडलेला असतो. हाता-पायांना मुंग्या, तळवे बधिर होणे, अंधारात तोल जाणे, विसराळूपणा ही तिची लक्षणे. मेरुरज्जूला झालेली इजा फार काळ राहिली तर ती पूर्णपणे भरून येत नाही. यंत्रावर वा उंचावर काम करणाऱ्याच्या बाबतीत पायाची संवेदना जाणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय.

पुणे परिसरात मुळात हा साठाच भरलेला नसतो. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे व आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात ब१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. हे जीवनसत्त्व वनस्पतिज अन्नात जवळजवळ नसते. मांस, मासे, अंडी व दूध हीच त्याची साधने असल्याने शाकाहारी माणसाची सारी भिस्त दुधावर राहते. त्यातच मधुमेहासाठी घेतलेल्या मेटफॉर्मिनने व जळजळीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या अम्लरोधक गोळ्यांनी त्याचे शोषण आणखी घटते. पाश्चात्त्य देशांत शस्त्रक्रियेनंतर ब१२ कमी पडू लागते, येथे पुष्कळदा ते आधीच कमी असते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच तपासणी करून इंजेक्शनांनी साठा भरून काढणे हे पूरकांच्या निवडीतील पहिले पाऊल मानले पाहिजे.

मात्रेचा हिशेब येथे उद्‍बोधक आहे. आंतरिक घटक नसला, तरी तोंडाने घेतलेल्या ब१२ पैकी सु. १ टक्का भाग आतड्यातून आपोआप झिरपतो. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. सर्रास मिळणाऱ्या ब-समूहाच्या कॅप्सुलांत ब१२ ५ ते १५ मायक्रोग्रॅम असते. १५ पैकी एक टक्का म्हणजे केवळ ०·१५ मायक्रोग्रॅम. याउलट ५०० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून ५ मायक्रोग्रॅम शरीरात जाऊन गरज भागते. यासाठीच रोज ३५० ते ५०० मायक्रोग्रॅम वा त्याहून अधिक ब१२ तोंडाने, अथवा दरमहा १,००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन, अशी शिफारस आहे. मेथिलकोबालामीन व सायनोकोबालामीन या दोन्ही रूपांनी काम भागते. महाग रूप अधिक गुणकारी असतेच असे नाही. ‘नसांची गोळी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत मेथिलकोबालामीनबरोबर वेदनाशामक द्रव्य असते व त्याने झोप येते. पाळीवर जाणाऱ्या कामगाराने अशी संयुक्त गोळी पूरक म्हणून परस्पर घेऊ नये.

फॉलिक अम्ल रोज ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम पुरे होते. गर्भधारणेच्या वयातील स्त्रीस ८०० ते १,००० लागते. भारतात त्याची ५ मिग्रॅ.ची गोळी अत्यंत स्वस्त असल्याने ती सहज दिली जाते. ब१२ कमी असताना एकटे फॉलिक अम्ल भरपूर दिल्यास रक्ताचे चित्र सुधारते, पण तंत्रिकांचा ऱ्हास चालूच राहतो व निदान लांबते. पुणे जिल्ह्यातील ग्रामीण गर्भवतींवरील दीर्घकालीन अभ्यासात, ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक व ब१२ कमी होते त्यांच्या मुलांत इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली (२००८). या परिसरात ब१२ ची खात्री केल्याशिवाय फॉलिक अम्लाची मोठी मात्रा देणे युक्त नव्हे.

लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व : लोहाची मात्रा पुरुषास १८ मिग्रॅ.पासून, तर मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीस व स्लीव्ह वा बायपास झालेल्यांस ४५ ते ६० मिग्रॅ. इतकी धरतात. हा आकडा शुद्ध लोहाचा असतो. २०० मिग्रॅ. शुष्क फेरस सल्फेटात शुद्ध लोह सु. ६५ मिग्रॅ.च असते. ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या २०१८ च्या कार्यक्रमातील प्रौढांसाठीच्या गोळीत ६० मिग्रॅ. लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अम्ल असते. लोहापुरती ही गोळी चांगली असली, तरी तीत ब१२ नाही हे विसरता कामा नये. चहातील टॅनिनामुळे लोहाचे शोषण घटते. कारखान्यात पाळीला दोनदा चहा येतो आणि बरोबरची गोळी त्याच पेल्याबरोबर घेतली जाते. अशी गोळी बहुतांशी वाया जाते. लोह लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यावे व आधी-नंतर तास-दोन तास चहा टाळावा.

कॅल्शियमचेही तसेच. १,२५० मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटात शुद्ध कॅल्शियम ५०० मिग्रॅ., तर १,००० मिग्रॅ. कॅल्शियम सिट्रेटात केवळ सु. २१० मिग्रॅ. असते. वेष्टनावरील मोठ्या अक्षरांतील आकडा बहुधा लवणाचा असतो. ‘शुद्ध कॅल्शियमशी समतुल्य’ या शब्दांपुढचा आकडा पाहावयास हवा. कार्बोनेटाला अम्ल लागते व ते जेवणाबरोबर घ्यावे लागते. सिट्रेट अम्लाविनाही शोषिले जाते, म्हणून बायपासनंतर ते पसंत करतात. स्लीव्ह व बायपासनंतर दिवसाकाठी अन्नासह १,२०० ते १,५०० मिग्रॅ. कॅल्शियम लागते. एका वेळी ६०० मिग्रॅ.हून अधिक शोषिले जात नसल्याने ते विभागून घेतात. लोह व कॅल्शियम यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. ‘सर्व काही एकाच गोळीत’ अशी जाहिरात असलेली पूरके याच कसोटीवर उणी ठरतात. कॅल्शियम फार काळ कमी पडल्यास परावटू ग्रंथी हाडांतील कॅल्शियम ओढून रक्तातील पातळी सांभाळतात. रक्ततपासणीत कॅल्शियम प्राकृत (सर्वसाधारण) दिसते आणि हाडे मात्र ठिसूळ होत जातात.

ड जीवनसत्त्वाची रोजची मात्रा ३,००० आंतरराष्ट्रीय एककांपासून सुरू करून रक्तातील पातळी ३० नॅनोग्रॅम प्रतिमिलि.च्या वर राहील अशी ठरवितात. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्यांना सूर्यप्रकाश मिळत नाही, आणि चरबीत साठल्यामुळे स्थूल व्यक्तीच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमीच आढळते. भारतात ते ६०,००० एककांच्या पुडीत वा कॅप्सुलात मिळते. दर आठवड्यास एक पुडी म्हणजे दिवसास सु. ८,५७० एकके. ही न्यूनता भरून काढण्याची मात्रा असून काही आठवड्यांपुरतीच असते. ‘आठवड्याला एक’ हा क्रम तपासणीवाचून वर्षानुवर्षे चालू ठेवल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडास इजा होऊ शकते.

इतर घटक : अ जीवनसत्त्व रोज ५,००० ते १०,००० एकके, ई १५ मिग्रॅ. व के ९० ते १२० मायक्रोग्रॅम ही मात्रा स्लीव्ह व बायपाससाठी सांगितली आहे. लांब आतडे वगळले असल्यास ती वाढवितात व पाण्यात मिसळणारी रूपे वापरतात. जस्त व तांबे यांचे प्रमाण मात्र एकत्र पाहावे लागते. जस्त फार झाल्यास तांब्याचे शोषण अडते, आणि तांब्याच्या न्यूनतेने होणारा मेरुरज्जूचा विकार ब१२ च्या विकारासारखाच दिसतो. दर ८ ते १५ मिग्रॅ. जस्तामागे १ मिग्रॅ. तांबे असावे. २०२०–२१ च्या कोविड साथीत ५० मिग्रॅ. जस्ताच्या गोळ्या घरोघर पोहोचल्या. त्या सवयीने पुढे चालू ठेवणे या रुग्णांस अपायकारक आहे. प्रथिनांची भुकटी हे जीवनसत्त्वांचे पूरक नव्हे. तिची गरज स्वतंत्रपणे ठरवितात.

रूप व वेष्टन : पहिले काही आठवडे चघळण्याच्या, विरघळणाऱ्या वा द्रवरूप पूरकांची योजना करतात. आतड्यात सावकाश विरघळण्यासाठी लेप दिलेल्या गोळ्या शोषणाची जागा ओलांडून पुढे जाण्याचा संभव असल्याने टाळाव्यात. फळांच्या चवीच्या मऊ जेलीसारख्या गोळ्या लोकप्रिय आहेत. पण त्यांत बहुधा लोह नसते व थायामीनही क्वचितच पुरेसे असते. बाजारातील काही पूरके औषध म्हणून, तर काही अन्न म्हणून परवाना घेऊन विकली जातात. अन्न-परवान्याच्या पूरकांतील मात्रा सामान्यतः निरोगी माणसाच्या दैनिक गरजेच्या आसपास ठेवलेली असते. ‘दैनिक गरजेच्या १०० टक्के’ ही ग्वाही निरोगी माणसासाठी खरी असली, तरी जठर काढलेल्या माणसाला तिचा उपयोग नाही.

आळंदी व देहू ही वारकरी संप्रदायाची क्षेत्रे याच पट्ट्यात येतात व परिसरात माळकरी कुटुंबे पुष्कळ आहेत. मांसाहार वर्ज्य असणाऱ्यांना जिलेटिनाचे (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून मिळणाऱ्या प्रथिनाचे) कॅप्सूल चालत नाही. कॅप्सूल चालत नाही म्हणून सर्वच पूरके सोडून देण्याकडे यामुळे काहींचा कल होतो. वस्तुतः औषधी ब१२ हे सूक्ष्मजंतूंच्या किण्वनाने (आंबविण्याच्या क्रियेने) तयार होते, त्यात मांसाचा संबंध नसतो. ते साध्या गोळीच्या, थेंबांच्या वा इंजेक्शनच्या रूपात घेता येते. ड३ जीवनसत्त्व सामान्यतः मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून बनवितात. ते नको असल्यास ड२ वा दगडफुलाच्या वर्गातील वनस्पतींपासूनचे ड३ वापरता येते. अन्नपदार्थांवरील हिरवी खूण औषधांच्या वेष्टनावर असेलच असे नाही, म्हणून घटकांची यादी वाचणे वा औषधविक्रेत्याला विचारणे इष्ट. एकादशीच्या उपवासातही पूरकांत खंड पडू देऊ नये. साबुदाणा व बटाटा यांतून पिष्ट मिळते. प्रथिने व ब-समूह जवळजवळ मिळत नाहीत. निर्जल उपवास शस्त्रक्रियेच्या पहिल्या वर्षात तरी करू नये.

पाळ्या व खर्च : सकाळ-दुपार-रात्र असा छापील क्रम आठवड्याला पाळी बदलणाऱ्या कामगाराकडून पाळला जात नाही. घड्याळाऐवजी जेवणाशी जोडलेला क्रम टिकतो : उठल्यावर पहिल्या खाण्याबरोबर बहुजीवनसत्त्व, डब्याच्या वेळी कॅल्शियम, घरच्या जेवणाबरोबर पुन्हा कॅल्शियम, आणि झोपण्यापूर्वी, शेवटच्या कॅल्शियमनंतर दोन तासांनी, लोह. बहुजीवनसत्त्व गोळीत लोह असल्यास तिच्यापासूनही कॅल्शियम दोन तास दूर ठेवावे.

भारतीय विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या प्रमाणित वर्जनांत लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया विशिष्ट अटींवर विमासंरक्षणास पात्र ठरते : वय १८ वा अधिक, आणि निर्देशांक ४०, किंवा गंभीर विकारासह ३५. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च त्यामुळे पुष्कळांचा भागतो. पूरकांचा खर्च मात्र रुग्णालयाबाहेरचा व अखंड असल्याने तो बहुधा घरच्या मिळकतीतूनच करावा लागतो. नोकरी सुटली की प्रथम बंद होते ती हीच खरेदी. शस्त्रक्रियेपूर्वी मासिक खर्चाचा हिशेब रुग्णापुढे मांडणे वैद्यकीय सल्ल्याचाच भाग समजावयास हवा. सारी द्रव्ये असलेले आयात पूरक परवडत नसेल, तर जनौषधी केंद्रांतील वा इतर सर्वनामी (मुद्रानावाविना विकल्या जाणाऱ्या) औषधांतून ब-समूह, लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व वेगवेगळे घेऊन आणि ब१२ चे मासिक इंजेक्शन जोडून तेच काम बऱ्याच कमी खर्चात होते. गोळ्यांची संख्या वाढते एवढीच अडचण. महागडे पूरक सहा महिने घेऊन सोडून देण्यापेक्षा हा मार्ग निश्चितच बरा.

गर्भधारणा : शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिर होईपर्यंत, म्हणजे १२ ते १८ महिने, गर्भधारणा टाळण्यास सांगतात. वजन उतरू लागताच पूर्वी अनियमित असलेली पाळी नियमित होऊन गर्भधारणा अनपेक्षितपणे होऊ शकते, याची कल्पना जोडप्यास आधीच द्यावी लागते. गर्भवतीच्या पूरकातील अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात नसून बीटा-कॅरोटिनाच्या रूपात असावे. रेटिनॉलची मोठी मात्रा गर्भाला घातक असते. सलग उलट्या होत असतील तर थायामीनविषयी वर सांगितलेली काळजी येथे दुपटीने लागू होते.

तपासणी : पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या व बाराव्या महिन्यात आणि त्यानंतर दरवर्षी हीमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याचे निदर्शक प्रथिन), ब१२, फॉलिक अम्ल, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व परावटू ग्रंथीचे हॉर्मोन पाहतात, बायपास झालेल्यांत जस्त, तांबे व अ जीवनसत्त्वही पाहतात. शरीरात शोथ (दाहयुक्त सूज) असल्यास फेरिटिन खोटेच वाढलेले दिसते. ब१२ ची गोळी चालू असताना रक्तातील पातळी चांगली दिसूनही लक्षणे राहिल्यास मेथिल मॅलॉनिक अम्लाची तपासणी उपयुक्त ठरते. या पट्ट्यातील पुष्कळ कामगार मराठवाडा, विदर्भ वा परप्रांतातून आलेले असून नोकरी बदलताना वा गावी परतताना त्यांचे रुग्णालय सुटते. शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, वगळलेल्या आतड्याची लांबी, चालू पूरकांच्या मात्रा व ब१२ च्या शेवटच्या इंजेक्शनचा दिनांक यांची नोंद असलेला मराठी वा हिंदी कागद रुग्णाजवळ नेहमी असावा व त्याची एक प्रत घरच्यांकडे ठेवावी.